आईनं धुतलेलं पांघरूण

प्रिय लिन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. थँक्सगिव्हिंगला जेवण अर्ध्यावर टाकून तू सिएटलला परत गेलीस, त्यानंतर मी कितीदा फोन केला. दर वेळी तुझं ते यंत्र बोलतं आणि शिट्टी वाजली की माझं डोकं रिकामं होतं. दोनदा तर मी नुसतं "बरं, ठीक आहे" म्हणून ठेवून दिला. यंत्राला काय बरं आणि काय ठीक! पत्रात निदान शिट्टी वाजत नाही.

आधी आमची खबर. जेहा अजून सोलमध्येच आहे, त्याला सांभाळणाऱ्या बाईंकडे. आम्ही अजून वाट पाहतो आहोत. तिकडचा परवाना निघाला की दत्तक संस्थेतल्या डोरीनबाई फोन करणार आणि आम्ही विमानात बसणार, एवढंच ठरलेलं आहे. पहिला फोटो आला तेव्हा तो दात नसलेला गोळा होता. आता उभा राहतो म्हणे. मी त्याच्यासाठी आणलेले कपडे घडीतल्या घडीतच लहान झाले. आईनं विणलेला निळा स्वेटर तिनं दोनदा उसवून मोठा केला. तिसऱ्यांदा उसवायला घेतला तेव्हा म्हणाली, "असंच चाललं ना, तर हा पोरगा थेट कॉलेजातच जायला येईल इकडे."

मुलांचं तर विचारू नकोस. ब्रिटानं वर्गात सांगून टाकलंय की तिचा भाऊ "टपालानं येणार आहे, पण उशीर झालाय". बाईंनी मला थांबवून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" अँडर्सनं फ्रिजवरच्या फोटोला बिस्किट भरवून भरवून त्याचं नाक झिजवलंय. परवा दोघांची जुंपली. जेहा गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला पहिल्यांदा कुणाबरोबर जाणार, यावरून. ब्रिटा म्हणे, "तू लहान आहेस, तू बर्फाच्या भोकात पडशील." अँडर्स म्हणे, "मी मोठा होणारे! तो आला की मी मधला होणारे!" मधला होणं म्हणजे बढतीच वाटते त्याला. आणि त्या तपासणीच्या भेटीची गंमत मी तुला सांगितलीच नाही. डोरीनबाई घर बघायला आल्या. मी खिडक्या पुसल्या, कुत्र्याला आंघोळ घातली, कर्टला इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांनी अँडर्सला लाडानं विचारलं, "बाबा घरी असले की काय करतात रे?" तर म्हणतो कसा, "बाबा बिअर पितात आणि टीव्हीवर ओरडतात." कर्टचा चेहरा बीटासारखा झाला. बाई हसल्या. "माझ्याकडेही तसाच एक आहे," म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

मी हसतखेळत लिहिते आहे, पण लिन, वाट पाहणं माणसाला आतून पोखरतं. दुकानात कुणाचं बाळ रडलं तरी मी वळून बघते. जेहा तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी हातून जेवतो आहे, दुसऱ्या कुणाला तरी आई म्हणतो आहे, आणि मी इथे त्याच्या खोलीतली धूळ पुसते आहे. त्या बाईंचा मला हेवा वाटतो. मग तू फोनवर एकदा म्हणाली होतीस ते आठवतं: "तुम्ही सगळे इकडे पाळणा सजवताय. ज्या बाईच्या पाठीवरून ते पोर उतरवून घेणार, तिचं काय?" तेव्हा मी विषय बदलला. या घरात ती कला आपण सगळेच आईकडून शिकलो.

मला काय हवंय ते सरळच सांगते. जेहा या घरात पाऊल टाकेल तेव्हा तू आमच्यातली असायला हवीस. त्याला आम्ही जीव लावू, त्याबद्दल मला शंका नाही. पण शाळेत कुणी डोळे ताणून त्याला चिडवलं तर त्याला आतून समजून घेणारं माणूस आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकच आहे, आणि ते रुसून दीड हजार मैलांवर बसलंय. तू हे पोर आणण्याच्या विरुद्ध असलीस तरी चालेल. पण तोंड फिरवून बसू नकोस.

त्या दिवशी टेबलावर ब्रिटानं तुला विचारलं, "मावशी, तू कोरियाहून आलीस तेव्हा तुला आनंद झाला होता का?" सात वर्षांच्या पोरीनं विचारलं ते आपल्यापैकी कुणी तीस वर्षांत विचारलं नव्हतं. आणि आई म्हणाली, "आणखी बटाटे कुणाला हवेत?" तू ब्रिटाच्या केसांवरून हात फिरवलास, "मला आठवत नाही गं बाळा," म्हणालीस आणि कोट घेऊन उठलीस. मला तेव्हा आईचा इतका संताप आला होता! वाटलं, हिला काहीच कळत नाही का? का कळून मूग गिळून बसते? त्याचं उत्तर मला मागच्या महिन्यात मिळालं, तेही एका पांघरुणापायी.

डोरीनबाईंनी आम्हाला एक काम दिलं होतं. एक मऊ पांघरूण घ्यायचं, घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं ते घेऊन झोपायचं, आणि न धुता पिशवीत बंद करून सोलला पाठवायचं. तिकडच्या बाई जेहाला ते पांघरूण घालून झोपवतात. मग तो इकडे येतो तेव्हा माणसं नवी असली तरी वास ओळखीचा असतो. हे ऐकून मुलांना चेवच चढला. अँडर्स ते गळ्यात बांधून हिंडला, त्यावर जॅम सांडला, कुत्र्यालाही त्यात गुंडाळलं. कर्ट तळ्यावरच्या मासे धरायच्या झोपडीतून येऊन तसाच त्यावर पसरला. शेवटी शेवटी मी घेऊन झोपत होते तेव्हा त्याला आमच्या अख्ख्या घराचा वास येत होता, बरा आणि वाईट सगळा. मी ते पिशवीत घातलं, वर सोलचा पत्ता लिहिला आणि धुलाई यंत्रावर ठेवून कामाला गेले.

धुलाई यंत्रावर ठेवलं! चूक माझीच म्हण. त्या दिवशी मुलांना सांभाळायला आई आली होती. संध्याकाळी मी घरात शिरते तर आई खुशीत. "तुझी एक खेप वाचवली बघ. पोस्टात देऊन आले ते कोरियाचं पांघरूण. पण काय गं, असं पाठवणार होतीस होय? शी! काय म्हणाली असती ती बाई, या घरात साबण नाही का? चांगलं गरम पाण्यात धुतलं, लिंबाच्या साबणानं. इस्त्री केली, पातळ कागदात गुंडाळलं, वर रिबीन बांधली." कर्ट तिथेच भिंतीला टेकून हसायला लागला, हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अँडर्सनं मात्र भोकाड पसरलं, "आता तो मला ओळखणार कसा?"

मला हसू आलं नाही. मी दिवसभराची शिणलेली होते, इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. मी ओरडले, "आई, अगं तो वासच तर पाठवायचा होता! तुला स्वच्छतेपुढे काही दिसतं का?" आणि वास कशासाठी हवा असतो ते डोरीनबाईंनी सांगितलं तसं सगळं तिला ऐकवलं. आई बशी पुसत होती. पुसायची थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, "बरं, ठीक आहे." तिनं बशी खाली ठेवली, कोट चढवला आणि गेली. लिन, आपल्याकडे दारात निरोप घ्यायला अर्धा तास लागतो, हे तुला माहीत आहे. गाडी सुरू करूनही काच खाली करून बोलणं चालू असतं. त्या दिवशी तिनं काचही खाली केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं शाळेत गेल्यावर ती आली. कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली. मी कॉफी दिली, ती तशीच निवली. मग ती टेबलाकडे बघत बोलायला लागली. तू आलीस त्या दिवसाचं बोलायला लागली.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला मिनिआपोलिसचा विमानतळ आठवतो आणि बाबांची हॅट आठवते. विमानातून बाया एकेक मूल घेऊन उतरत होत्या, प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी. तू दोन वर्षांची होतीस. तुझ्याभोवती गोधडीसारखं एक जाड दुपटं होतं, त्याला लांब पट्टे होते. तिकडे तुला सांभाळणाऱ्या बाई त्यानंच तुला पाठीशी बांधत असणार. हे मला आठवत नव्हतं, आईनं सांगितलं. "त्याला लसणीचा वास येत होता," ती म्हणाली, "आणि धुराचा, आणि मुताचा. गाडीत तुझ्या बाबांनी काच खाली केली होती. ती पोर मात्र त्यात तोंड खुपसून गप्प बसली होती. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं माहितेय? तिला आंघोळ घातली आणि ते दुपटं यंत्रात टाकलं. गरम पाण्यात. ब्लीच घालून. मला वाटलं, आता हिची सगळी दैना धुऊन निघाली."

ते वाळल्यावर तिनं इस्त्री करून तुझ्या बिछान्यावर घातलं. तू ते नाकाशी नेलंस. उलटं केलंस, पुन्हा वास घेतलास. मग तू ते जमिनीवर टाकलंस आणि असं रडलीस की शेजारच्या बाई धावत आल्या. कितीतरी दिवस तू तशी रडत होतीस. सगळे म्हणाले, भूक लागली असेल. मग दूध देऊन बघितलं. सगळे म्हणाले, थंडी बाधली असेल. मग डॉक्टर झाले. तू तळघरात जाऊन धुलाई यंत्राशी झोपायचीस, आणि आई तुला उचलून पलंगावर आणायची. "मला वाटलं, पोर हट्टी आहे," आई म्हणाली. "काल तू ओरडलीस तेव्हा मला कळलं ती तिथे काय शोधत होती. एवढी वर्षं लागली गं मला. मी तिची आई व्हायला निघाले, आणि आधी होती तिला पुसून टाकलं."

ती रडली. आई रडली, लिन! बाबांच्या मातीला न रडलेली आई. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला नाही. मी म्हणाले, "आई, तुला कुठे माहीत होतं?" तर म्हणाली, "माहीत नव्हतं, ते खरंय. पण तिला नको का माहीत असायला, ती का रडत होती?" ब्रिटानं विचारलं तेव्हाही आईच्या मनात ते रडणंच आलं होतं. त्याचं काय सांगायचं ते तिला कळलं नव्हतं, म्हणून ती काहीतरी बोलून गेली. आता सांग म्हटलं तर हात जोडते. "मला जमणार नाही. तू लिही."

म्हणून लिहिलं. पण एवढ्यासाठीच नाही. हे पत्र अर्धं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात मंगळवारी डोरीनबाईंचा फोन आला, परवाना निघाला. मार्चच्या सुरुवातीला आम्ही सोलला जातो आहोत. मुलांनी घर डोक्यावर घेतलं. मी आईला कळवायला गेले, तर तिनं शिवणाच्या डब्यातून पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. शेजारच्या विस्कॉन्सिनच्या पलीकडे न गेलेली आपली आई, त्र्याहत्तराव्या वर्षी कुणालाही पत्ता लागू न देता फोटो काढून आली होती. म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर. जेहासाठी नाही, त्याला तुम्ही आहात. आपल्या लिनेटला जिनं सांभाळलं त्या बाईला शोधायचंय." डोरीनबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं की इतक्या वर्षांनी त्या बाई सापडणं कठीण, कदाचित हयातही नसतील. त्यावर ती म्हणाली, "मग जेहाच्या बाईंना सांगेन. कुणा एकीला तरी सांगायला हवं, की पोर नीट वाढली, आणि मी ते दुपटं धुतलं." मग बराच वेळ पासपोर्टचं कव्हर चोळत बसली आणि म्हणाली, "लिनेट येईल का माझ्याबरोबर? तू विचार. पण आग्रह करू नकोस." तेव्हा मी आग्रह करत नाही, विचारते आहे. यायचं नसेल तर येऊ नकोस, त्यानं माझं तुझ्यावरचं प्रेम तसूभर कमी होणार नाही. फक्त उत्तर मला देऊ नकोस. तिला फोन कर. ती आधी हवेबद्दल बोलेल, मग रस्त्यावरच्या बर्फाबद्दल, मग शेजाऱ्यांच्या गुडघ्याबद्दल. बोलू दे तिला. फोन ठेवू नकोस.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
जॅनेल