गच्चीवर अडकलेला निकाल

मी, गुणवंत श्यामराव धारप, वय शहात्तर, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहणार विकासपुरी, नवी दिल्ली. माझ्या मागे काय कोणाकडे जावं, हे आज शुद्धीत आणि स्वखुशीने सांगून ठेवत आहे. स्मरण शाबूत आहे. शाळेतल्या कविता अजून सलग म्हणतो. हात मात्र थरथरतो, म्हणून मी सांगतो आणि शेजारच्या अलका कर्णिक टाइप करतात. सही वाकडी आली तरी ती माझीच धरावी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहती सदनिका, बँकेतल्या ठेवी आणि घरातलं सामान पत्नी कुमुद हिला, आणि तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी वृंदा हिला. कुमुदने माझं वेड हयातभर सोसलं. "ऑफिसातून आले की पोरांचे खेळ, आणि वर त्यांना मार्क द्यायचे!" असं म्हणायची, पण चहा मात्र स्क्रीनच्या डाव्या बाजूला, माझा कोपर लागणार नाही असा ठेवायची.

२. करोल बागेतून निघणाऱ्या एका हिंदी कॉम्प्युटर मासिकात मी व्हिडिओ गेमवर 'निकाल' नावाचं सदर लिहीत असे. त्याची कात्रणं पहाडगंजच्या माझ्या मराठी शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत. त्यांनी नको म्हटलं तर रद्दीत घालावीत, भांडू नये. त्या शाळेत गुरुजी बाकावर ताल धरून वृत्तं शिकवायचे. खिडकीबाहेर स्टेशनचा गोंगाट, आणि आत आम्ही लघु-गुरू मोजतोय! तेच कान मी पुढे खेळांना लावले. शर्यतीचा खेळ मी वळणावर तपासायचो. कवितेत यती चुकला की ओळ अडखळते, तशी वळणावर गाडी अडखळली तर मार्क गेले. मारामारीच्या खेळात श्वास घ्यायला जागा नसेल, तर तो नुसता कलकलाट. आणि ज्यांत आपण दुसऱ्याच्या नावाने जगतो, त्या खेळांतून उठल्यावर स्वतःचं नाव क्षणभर परकं वाटलं, तरच पास. संपादक यातल्या उपमा कापून तिथे जाहिराती घालत. त्यांना माझ्याकडून काही नाही, क्षमाही नाही.

३. शर्यतीच्या खेळांसाठी घेतलेलं स्टिअरिंगचं चाक मेहुणे विलास यांना. गणेशोत्सवात चारचौघांत त्यांनी विचारलं होतं, "काय भावोजी, आज कुठपर्यंत गाडी नेलीत? बैठकीच्या खोलीतून बाहेर पडली का?" मी हसलो होतो, पण लागलं होतं. एकदा बसून चालवून बघा, विलासराव. पहिल्याच वळणावर कुंपणात जाल.

४. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मित्र सूर्यकांत गद्रे यांना नेमतो. ते साक्षीसाठीही इथे समोर बसले आहेत.

५. हे कलम सांगायला जड जातं. वृंदा गुरुग्रामला राहते आणि खेळ बनवते. तिच्या पहिल्या स्वतंत्र खेळात बदलीवर आलेल्या कारकुनाची मुलगी नागपूरहून दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये येते. तिच्याकडे तलवार नाही. ती रोज नवे हिंदी शब्द कमावते, आणि शब्दागणिक शेजारचं एकेक दार उघडतं. दिवाळीत वृंदाने तो मला आणून दिला. "बाबा, मार्क द्या हं. बिल्कुल दया नको."

दिवाळी गेली, होळी गेली, मी चकार शब्द काढला नाही.

सदराचा नियम मीच छापला होता: पूर्ण खेळल्याशिवाय निकाल नाही, आणि ज्या खेळावर मी काहीच लिहिलं नाही, तो वाचकांनी नापास समजावा. वृंदा हे सदर वाचत मोठी झाली. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ती काय लावत असेल, हे मला ठाऊक आहे. खरी गोष्ट अशी की, धुळीची आंधी सुटते तेव्हा त्या मुलीला गच्च्यांवरून उड्या मारत घर गाठायचं असतं. माझ्या अंगठ्याने बटण वेळेवर दाबलं जात नाही. ती पडते, गुडघे झटकून उठते, माझ्याकडे बघते, आणि मी बंद करतो. खेळात सोपी पातळी आहे. पण ती घेणाऱ्यांना मी 'गाइड वाचून पास होणारे' असं हिणवलंय. आता कुठल्या तोंडाने मागू? तरी माझ्या मागे वृंदाला हे वाचून दाखवावं की नापास तिचा खेळ नव्हता, तिचा बाप झाला.

इथे अलकाताईंनी टाइप करणं थांबवलं.

"अच्छा, म्हणजे पोरीने हे तुमच्या तेराव्याला ऐकायचं? मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही."

"अहो, मजकुराशी साक्षीदाराचा संबंध नसतो."

"मग दुसरी साक्षीदार शोधा, धारपसाहेब."

कुमुद स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दर फोनला विचारते, 'आई, बाबांना इतका वाईट वाटला का गं?' मी काय सांगू? मला काय कळतं त्यातलं!"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मान वर करवेना. कुमुदनेच फोन लावून माझ्या कानाला धरला.

"वृंदे, मी गच्चीवर अडकलोय."

"कुठल्या गच्चीवर? बाबा, आईला द्या फोन!"

"तुझ्या खेळातल्या. दिवाळीपासून."

"काय यार, बाबा!" आणि नाक ओढल्याचा आवाज. "मला वाटलं... जाऊ दे. रविवारी येते. सोपी पातळी लावून देऊ?"

समोर सूर्यकांत, अलकाताई, कुमुद, सगळे ऐकत होते. माझे कान तापले.

"लाव," मी म्हणालो.

६. सबब कलम पाच मी मागे घेत आहे. ते पुसू नये, आणि त्याखाली मी नंतर टाइप करवलेलं बोलणंही राहू द्यावं. पण ते माझ्या मरणाची वाट बघणार नाही. मार्क मी वृंदाला जिवंतपणी, तोंडी देईन. कमी वाटले तर तिने माझ्याशी भांडावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

गुणवंत श्यामराव धारप

साक्षीदार:
सूर्यकांत गद्रे
अलका कर्णिक (फोन झाल्यानंतर सही केली)

स्थळ: विकासपुरी, नवी दिल्ली
दिनांक: १६ मे २०२४