ठणठणीत माणसाची आजारपणाची रजा

आप्पा,

काल दुपारी मेथी निवडताना माझ्या सासूबाई सहज एक गोष्ट बोलून गेल्या आणि तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. सासूबाई काय म्हणाल्या ते लगेच नाही सांगत. मला आधी तो रविवार एकदा नीट समोर आणायचा आहे.

सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारची. रविवारी सगळं नाशिक घरी आणि तुम्ही कामावर, हे आमच्या लहानपणापासूनचं. येवल्याला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पैठणी विणणारं आपलं घर, त्यातून उठून कारखान्यात लागलेले पहिले तुम्ही. कंपनीचा निळा गणवेश आई धुवून दोरीवर टाकायची आणि तुम्ही त्याच्याकडे बघत चहा प्यायचात. त्या नोकरीवर तुमचा किती जीव होता ते मला तेव्हा कळत नव्हतं. आम्हाला आपलं त्याचं हसू यायचं.

आणि तुम्ही कंपनीची बाजू तरी किती घ्यावी! कुणी आजारपणाची रजा टाकली की हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातला माणूस सायकलवरून घरी बघायला यायचा, गडी खरंच अंथरुणात आहे की नाही. त्याची सायकल कॉलनीत शिरली की पोरं ओरडत सुटायची आणि घराघरांतून गोधड्या ओढल्या जायच्या. एकजण तर शेजाऱ्याच्या छपरावर पत्रे ठोकताना सापडला होता, तोंडात खिळे तसेच. तुम्ही त्याची नक्कल करायचात, कण्हत कण्हत हातोडी मारायची, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. मी एकदा म्हटलं, असं लोकांच्या घरात डोकावणं बरं दिसतं का? तुम्ही चिडलात. "चार जण खोटं बोलतात म्हणून सायकल फिरती. आपण खरं असलो की आपल्याला काय भ्या?"

मग तुम्हाला तो खोकला लागला. नाशिकरोडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि त्या दिवसापासून घरात त्या आजाराचं नाव कुणी घेतलं नाही. आई 'तो आजार' म्हणायची, तुम्ही तेवढंही म्हणत नव्हता. कामगार विम्याच्या दवाखान्यात औषध फुकट मिळालं असतं, पण तिथल्या रांगेत अर्धी कॉलनी बसलेली असायची. म्हणून तुम्ही लांबच्या डॉक्टरकडे जात राहिलात आणि कंपनीत त्यांच्याकडून साध्या तापाची चिठ्ठी नेऊन दिलीत. कारण मी होते. येवल्याचं एक स्थळ माझ्यासाठी बोलत होतं, आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोण करून घेणार? आई तुम्हाला विनवत होती, "अहो, साहेबांना तरी खरं सांगा. मोठा आजार असला की रजा देतात म्हणे, नोकरी राहती." तुम्ही म्हणालात, "कंपनीत सांगितलं म्हणजे येवल्यात सांगितलं. आपल्यातले काय कमी हायेत तिथं? झाकली मूठ राहू दे."

तो रविवार असा. तुम्ही अंगात ताप असताना उठून दाढी केली आहे. इस्त्रीचा पांढरा शर्ट गळ्याशी ढगळ होतोय, म्हणून आई मागून चिमटीत धरून टाका घालते आहे. तुमची गादी, औषधं, थुंकीचं भांडं सगळं शेजारच्या काकूंकडे गेलं आहे, घराबाहेर फक्त त्यांनाच ठाऊक आहे. गालात ज्येष्ठमध धरून तुम्ही खुर्चीत बसला आहात. समोर मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मी पोह्यांच्या बशा घेऊन येते आणि मुलाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघते, कारण तुम्हाला खोकला येतोय आणि तुम्ही तो गिळताय. डोळ्यांत पाणी आलं की मिरची लागल्यासारखं करताय. तेवढ्यात दारात सायकल थांबते.

तो माणूस वाईट नव्हता, आप्पा. चपला बाहेर काढून आत आला. पाहुण्यांना बघून जरा ओशाळलाही. पण काम ते काम. "काय हो, तुम्ही तर तापानं आडवे झालाय ना? कंपनीत तर तसंच कळवलंय."

खोलीत सगळ्यांचे हात बशीतच थांबले. माझ्या आईनं दाराची चौकट धरली. आजारी म्हणावं तर माझं स्थळ जातं, बरा म्हणावं तर तुमची नोकरी. इकडे आड, तिकडे विहीर. मला वाटतं तुम्ही एक श्वासभर सुद्धा थांबला नाहीत.

"कोण, मी? मला काय धाड भरलीय! ठणठणीत आहे. या, बसा, पोहे घ्या."

त्यानं तुमच्या शर्टाकडे पाहिलं, बशांकडे, माझ्या साडीकडे. त्याला जे बघायला पाठवलं होतं ते सगळं त्याच्यासमोर मांडूनच ठेवलं होतं. "मुलीचं बघणं होतं तर तसं सांगून रजा काढायची," तो हळूच म्हणाला. "त्याच्यासाठी एवढे दिवस ताप कशाला आणायचा?" आणि तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कधी खाडा केला नाही ते तुम्ही, त्या पत्रेवाल्याच्या रांगेत जाऊन बसलात आणि हसत म्हणालात, "चुकलंच साहेब."

त्याला सोडायला तुम्ही फाटकापर्यंत गेलात. मी खिडकीतून बघत होते. तुम्ही त्याच्या सायकलच्या हँडलवर हात ठेवलात, काहीतरी सांगायला तोंड उघडलंत. तेवढ्यात मुलाचा मामा तंबाखू मळत तुमच्या मागे येऊन उभा राहिला. तुम्ही हात काढून घेतलात आणि तो माणूस गेला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला लिहू द्या. खोटं आजारपण काढल्याबद्दल चौकशी लागली. सुपरवायझरचा तुमच्यावर लोभ होता, तो घरी येऊन म्हणाला, खरंच काही असेल तर डॉक्टरचे कागद, छातीचा फोटो आणून दाखवा, मी बोलतो साहेबांशी. फोटो पत्र्याच्या पेटीत होता. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि वाटेला लावलंत. स्थळ जमलं होतं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं, तोवर कुणाला कळायला नको होतं. तोवर नोकरी गेली. लग्नाचा मांडव उतरल्यावर तुम्ही फोटो घेऊन कंपनीच्या गेटवर गेलात, तर वॉचमननं, तुमच्याच ओळखीच्या वॉचमननं, तुम्हाला आत सोडलं नाही. त्यानंतर एका शेडमध्ये सुटे भाग घासायच्या कामाला लागलात. दिवसभर लोखंडाची धूळ. औषध कधी असायचं, कधी नसायचं. मी माहेरी यायचे तेव्हा तुम्ही अंगणात बसायचात आणि माझ्या बाळाला जवळ घ्यायचा नाहीत, लांबूनच चुटक्या वाजवायचात. मला त्या चुटक्यांचा फार राग यायचा. तुमचा नाही, चुटक्यांचाच.

आणि सासरी मी तुमचं झाकत राहिले. वडील कशानं गेले असं कुणी विचारलं की छातीचं दुखणं म्हणायचे आणि विषय बदलायचे. पोरांना खोकला झाला की गुपचूप एकटीच त्यांना तपासून आणायचे. नवऱ्यापाशीसुद्धा कधी बोलले नाही. चांगला माणूस आहे हो, तुम्ही चूक केली नाहीत.

काल सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बापाला क्षय व्हता ते आमाला बघायला आलो तवाच कळलं व्हतं." माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. त्या निवडतच होत्या. "अगं, मागावरची आमची अर्धी आळी त्याच खोकल्यानं गेली. माझ्या मालकांनी सोता सुया घेतल्या व्हत्या. खोकला गिळणारा माणूस आमाला कळणार नाय व्हय?" मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, मी काही भलतंच विचारल्यासारखं. "काय बोलायचं? पोरीसाठी बाप एवढं झाकतोय, चारचौघांत आपण कशाला उघडं पाडायचं? मालक एस्टीत म्हणले, असल्या बापाची पोरगी सोडायची नाय." मग पुढची जुडी ओढत म्हणाल्या, "त्यो सायकलवाला समाचाराला आला व्हता ना गं तुझ्या बापाच्या? बरा वाटला माणूस."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आप्पा, खोलीत बसलेल्या सगळ्यांना तुम्ही आजारी आहात हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्या एकट्याला, जो तेवढंच बघायला आला होता. कुणाचा राग करू? सासऱ्यांनी तुमचा मान राखला. तुम्ही माझा संसार राखलात. असली भली माणसं मला नको होती. एकानं तरी तोंड वाजवलं असतं, भांडण झालं असतं, स्थळ मोडलं असतं, तरी चाललं असतं मला.

शेवटच्या आजारपणात आई तुमच्या उशाशी बसून नोकरीचं काढून रडत होती, तेव्हा तुम्ही तिला गप्प केलंत. "पोरीचं झालं ना? मग वाया नाय गेली नोकरी." असं म्हणालात आणि तुमचा चेहरा इतका निवांत झाला की मीही डोळे पुसले. तेवढं एकच समाधान तुम्ही सोबत नेलंत. म्हणून कबूल करते, आप्पा, तुमचा पत्ता मला ठाऊक असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं.