सगुणेसाठी बिनअंड्याची टार्ट

१७ डिसेंबर १८९३
पहिली फुकट गेली. तूप आणखी कमी केलं म्हणून कडा तुटल्या. युजीनने तुकडा उचलला. "बाय, यो टार्ट हाय का कौल?" माझ्या या भावाला आईच्या हातची हवी — डुकराची चरबी, सहा अंडी. ती सगुणेला कशी चालेल? वीस वर्षांपूर्वी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, पण पाण्याचे माठ वेगळे. म्हणून तिच्यासाठी माझी ही कृती. अंडं नाही, चरबी नाही, जरासं साजूक तूप. पाणीसुद्धा तिच्याच घरून तिची मोलकरीण गोदा आणून देते.

१९ डिसेंबर
जमली. साचा नकोच. पारी लाटून तव्यावर पसरायची, मधे पेरूच्या फोडी नि गूळ, कडा हातानेच आत दुमडायच्या. वर झाकण, झाकणावर निखारे. दिसायला ओबडधोबड, पण हलकी. सगुणेची चिठ्ठी येईल — "यंदाची मागचीहून सुरेख." दर नाताळला येते.

२३ डिसेंबर
गोदाने पाण्याची कळशी उंबऱ्यात ठेवली. म्हणाली, "बाई, यंदा गूळ जास्ती टाका. गेल्या साली पोरांना आंबट लागली."
कोणाच्या पोरांना?
"माझ्या. दरसाली आमालाच देत्यात ना बाईसाहेब. त्या कुठं खात्यात तुमच्या घरचं."
तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी कळशी आत घेतली.
एकोणीस नाताळ. एकोणीस चिठ्ठ्या. खोटं बोलणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर उभं करते.

२४ डिसेंबर
शेजारी सगळीकडे ताटं गेली. सगुणेकडे नाही. तिची टार्ट थेट गोदाच्या घरी पाठवली. गूळ जास्त घालून.

२८ डिसेंबर
चिठ्ठी. "ताट आलं नाही. बरी आहेस ना?" फाडली.

३ जानेवारी १८९४
सगुणा स्वतः आली. दारातच विचारलं — एक घास तरी कधी खाल्लास?
ती म्हणाली, "घरात सासूबाई आहेत, एमिलिया. ताट त्यांच्यासमोर येतं. खरं सांगितलं असतं तर तू पाठवणं बंद केलं असतंस."
"केलंच असतं."
"तेच मला नको होतं."
बस म्हटलं नाही. चहा विचारला नाही. तिने घेतला नसताच.

१२ जानेवारी, संक्रांत
सगुणा पुन्हा आली. न विचारता बसली. "टार्ट कर. इथेच खाते." केली — पाणी आमच्या विहिरीचं. तिने ते पाहिलं. दोन तुकडे खाल्ले. मग तिळगुळाची वाटी पुढे केली.
दर संक्रांतीला ती पाठवते तो तिळगूळ तिच्या देवापुढचा म्हणून एकोणीस वर्षं मी न चाखता बागेच्या माळ्याला देत आले, आणि तिला "छान झाला" म्हणून कळवत आले. आज एक वडी तोंडात घातली. दगडासारखी कडक. तिला तसंच सांगितलं.