अमर्याद, फक्त तासभर

१२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी फोन असताना पत्र का, असं विचारशील. मला छापखान्यातून सवड मिळते ती दुपारी, आणि दुपारी आपली लाईन सदा एंगेज. आई आणि मावशीचं बोलणं सरतच नाही. बिल मी भरतो त्याची तक्रार नाही, पण कंपनीने वर्षात तीनदा दर वाढवले आणि तिन्ही वेळा 'आपल्या सोयीसाठी' असं कळवलं. इतक्या गोड शब्दांत खिसा कापणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

अर्धांगवायूनंतर मावशी नीट बोलते का तरी? आईला विचारलं तर म्हणते, आमचं रोज होतं. तेव्हा मी सरळ त्यांची 'अमर्याद' योजना घेऊन टाकली. ठरलेली रक्कम भरा आणि हवं तेवढं बोला. आईला म्हणावं, आता घशाला कोरड पडेपर्यंत गप्पा मार. मी इथे आठवडाभर स्वतःचीच पाठ थोपटतो आहे.

या धाकट्या भावावर लोभ असू दे.
तुझा,
बोका

२० जुलै

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

पाठ थोपटणं थांबव. त्या अमर्याद योजनेत प्रत्येक फोन तास भरला की आपोआप कापला जातो. आज शाळेतून परस्पर त्यांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या, कट झाला की पुन्हा लावायचा, पुन्हा लावण्यावर मर्यादा नाही. जुनी योजना परत मागितली, तर ती म्हणे बंद झाली.

लाव की मग पुन्हा, असं तूही म्हणशील. काल शाळा लवकर सुटली म्हणून दुपारीच घरी आले. आई शिलाई मशीनवर बसलेली, रिसीव्हर शेजारी कापडाच्या घडीवर, आणि ती एक अक्षर बोलत नव्हती. विचारलं तर म्हणाली, अक्का ऐकते आहे. बोक्या, मावशीची वाचा गेली ती परत आलेलीच नाही. आईने आपल्यापासून लपवलं. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात, आणि याहून जास्त आशा धरू नका असं डॉक्टर म्हणाले आहेत. शेजारची नर्स कामावर जाताना रिसीव्हर तिच्या उशीवर ठेवते, संध्याकाळी परतल्यावर जागेवर ठेवते. मधली सगळी दुपार मावशी आईचं मशीन ऐकत पडून असते.

मध्येच रिसीव्हरमधून नखाची टकटक आली. आईने मशीन थांबवलं, कॉलर उलटून पाहिली आणि मुकाट्याने शिवण उसवली. खरोखरच चुणी पडली होती. आईला शिवायला मावशीनेच शिकवलं हे ठाऊक होतं, पण परगावी अंथरुणात पडून, नुसत्या आवाजावरून तिला कॉलरची चुणी कळावी?

मग तास भरला आणि फोन कापला गेला. मावशीचा रिसीव्हर उशीवरच, त्यामुळे आई लावते तर एंगेज, ते थेट नर्स येईपर्यंत. तोवर मावशीच्या कानाशी नुसतं टूं टूं. आईने नंतर मशीनला हात लावला नाही. काहीतरी कर.

वेळेवर झोपत जा.
तुझी ताई

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. छपाईच्या मशीनचा सूर बिघडला की मलाही कळतं, पण मी मशीनच्या पुढ्यात उभा असतो. मावशीपुढे मी कोण?

कंपनीचं ऐक. एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग फोन बंद. चौथ्या दिवशी निरोप आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं. कसं, ते विचारायला पुन्हा एक दाबा. शेवटी एक जिवंत माणूस सापडला. लाईनमध्ये दोष नाही, असं तो नम्रपणे म्हणत राहिला. मी म्हटलं, दोष लाईनमध्ये नाहीच, तुमच्यात आहे. दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला आहे, तर तिथे महिन्याची रांग. मी हात टेकले. चांगलं करायला गेलो आणि माझ्याच हाताने मावशीची दुपार हिरावली. आईला काय तोंड दाखवू?

तू मात्र रागावू नकोस.
तुझा,
बोका

१४ ऑगस्ट

चि. बोक्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं जेवणावर लक्ष नाही, असं ताई म्हणते. आधी जेव. मावशीचं सांगितलं नाही, कारण तू नोकरी टाकून धावत आला असतास.

मंगळवारी तास भरला, फोन कापला गेला. मी सवयीने लावत राहिले. एंगेज, पुन्हा एंगेज. कपडे आवरून उठणार होते. शेवटचा म्हणून लावला, तर पलीकडे घंटी वाजू लागली. मला वाटलं, नर्स लवकर आली असेल. खूप वेळ वाजली. मग काहीतरी आपटलं, आणि नुसता श्वास ऐकू आला, जिना चढून आल्यासारखा. मग टकटक.

संध्याकाळी नर्सने पाहिलं, तर स्टुलावरचा फोन वायरला धरून अक्काने पलंगावर ओढून घेतला होता. रिसीव्हर जागेवर ठेवला होता आणि घंटी वाजल्यावर पुन्हा खाली पाडला होता. ज्या हाताची नुसती बोटं हलत होती, त्या हाताने. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं होत नाही. मी म्हटलं, झालंय. काल झालं, आजही झालं. पोरा, मी तिची धाकटी बहीण, सगळा जन्म तिला बघते आहे, आणि अजून ती मला पुरती कळलेली नाही.

याचं श्रेय त्या कंपनीच्या मेल्यांना देऊ नकोस. तिला किती दमवतात ते मी ऐकते. भांडण चालू ठेव. तोवर तास भरला की मी मशीन थांबवते आणि हात मांडीवर ठेवून बसते. तिला वेळ लागतो. मग मी लावते, आणि घंटी जाते.

माझी माया आहेच, तूही धीर धरून राहा.
आई