एका हाताच्या पुड्या

रितिका,

मामीची तब्येत जास्त झाली, म्हणून पहिल्या बसनं कुहीले जाऊन राहिली. परवा येईन. तोवर दुकान तुले पाहा लागेल. गिऱ्हाइकाले आधी थैली माग. त्यानं आणली नसन, तर प्लास्टिकच्या पन्न्या तांदळाच्या कट्ट्यामागे लपवल्या आहेत. बंदी आल्यावर पंधरा दिवस लोकांनी थैल्या आणल्या, आता सगळे पुन्हा पन्नीच मागतात. नाही दिली तर बाजूच्या दुकानात जातात.

तुह्या बाबाले पन्नीचं माहीत नाही. बंदी आली तेव्हा ते म्हणाले होते, आता कागदाच्या पुड्या पुन्हा चालतील. लकवा मारल्यापासून तेवढंच एक हौसेनं बोलले. तेव्हापासून एका हातानं रोज पन्नास पुड्या दुमडतात. डिंक लावणं काही जमत नाही.

त्यातली एकही खपत नाही. मी त्या दुकानात नेते, उलगडते, कागदावर इस्त्री फिरवते आणि संध्याकाळी नवी रद्दी म्हणून त्यांच्यापुढे ठेवते. तुले हे सांगितलं नव्हतं. आता दोन दिवस तुलेच करा लागेल. इस्त्री गल्ल्याखाली आहे.

काल बाबांनी एक कागद उजेडात धरला. मले वाटलं, जुनी बातमी ओळखली. ते म्हणाले, "इस्त्री जरा कमी तापवत जा वं, कागद करपून राहिले." त्यांनी तोच कागद मांडीवर घेतला आणि दुमडला.

तर इस्त्री जास्त तापवू नको.

आई