कॉम्प्युटरचं कपाळ

५ ऑक्टोबर २००३, रविवार. दसरा

अन्नपूर्णा भांडी टाकून दारात उभी. "बाई, मिक्सरले लावलं, शिलाई मशीनले लावलं. कंपुटरनं काय पाप केलं?"

लावलं! नाही तर गल्लीभर सांगत फिरली असती. ओलं कुंकू, चार अक्षता, झेंडूचं फूल. आता याचं कपाळ कुठलं? पुढे गोल बटण दिसलं. तिथेच अंगठ्याने नीट दाबून लावलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगत, करायचं तर पुरतं करा.

६ ऑक्टोबर

बंद! बटण दाबलं, पंखा घुरघुरला, पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि सगळं काळं. पुन्हा दाबलं. तेच. सकाळपासून अकरा वेळा! दोन महिने झाले नाहीत घेऊन.

७ ऑक्टोबर

वीज आहे. फ्रीज चालतो, दिवे चालतात. दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं. सगळ्या वायरी उपसून पुन्हा खोचल्या — तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेच केलं, मला कोणी शिकवायला नको.

मग मोजलं. हॉस्टेलवर अंडं उकडायची वेळ आम्ही सिस्टरांची 'हेल मेरी' प्रार्थना म्हणून मोजायचो. इथे अर्धीसुद्धा होत नाही. 'ब्लेस्ड आर्ट दाऊ' आलं की बंद! दर वेळी त्याच शब्दाला. एवढी वक्तशीर बिघडलेली वस्तू मी पाहिली नाही.

८ ऑक्टोबर

गोलबाजारात गेले, गफ्फारभाईंकडे. वीस वर्षं माझा रेडिओ हेच दुरुस्त करतात. मुलगी निशात नागपुरात कोर्स करून आली, तिच्या हट्टापायी यंदा रेडिओचं दुकान कॉम्प्युटरचं केलं. माझी मशीन तिथलीच.

"इंदुताई, घरचंच काम हाय, होऊन जाईन."

कधी?

"निशात अहेरीले गेली ना, तिथी शाळेत मशीन लावून राह्यली. परवा येते."

परवा! मी गिऱ्हाईक आहे की लग्नघरची पाहुणी? चहा मागवला त्यांनी. प्यायले नाही. उठून आले.

९ ऑक्टोबर

दैनिकाला पत्र टाकलं. हाताने लिहून, दुसरं काय करणार! 'उघडताच पाच सेकंदांत डोळे मिटणारी मशीन माथी मारणाऱ्यांना कोणी विचारील काय?' — हे वाक्य फार चांगलं जमलं. दुकानाचं नाव घातलं नाही. फक्त 'गोलबाजारातलं, पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारं'.

दुपारी छान झोप लागली.

१० ऑक्टोबर

निशात आली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात स्क्रूड्रायव्हर.

"मावशी, काय काय होते ते सगळं सांगा."

सांगितलं. हेल मेरीसकट. हसली नाही पोरगी.

"दर वेळी त्याच शब्दाला?"

दर वेळी!

"मग गरम होऊन नाई बंद होत. तसं असतं तर पहिल्यांदा उशिरा, मग लवकर लवकर. पॉवरचा डबा बिघडला असता तर कधीही. हे मोजून होऊन राह्यलं. म्हणजे कोणीतरी बंद करते."

कोण? या घरात मी एकटी!

तिने बटण दाबलं. बोट काढलं. बटण आतच! बाहेर आलंच नाही. मशीन बंद झाली, मग कुठे ते हळूच वर आलं. तेव्हा तिने ओढणीची सेफ्टी पिन काढली, फटीत घातली, आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. तांदळाचा दाणा. लाल.

"बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होते, मावशी, बनवतातच तशी. हा दाणा दाबून धरून राह्यला."

अंगठा माझा, कुंकू माझं, अक्षता माझ्या.

मशीन सुरू! निशातने दोन कप चहा घेतला. म्हणाली, "बरं झालं मशीन चांगली निघाली. दिवाळीपर्यंत दोन नाई खपल्या तर अब्बा पुन्हा रेडिओ उघडतात. मग मी घरी, अन् घरी म्हणजे लग्न."

पत्राचं बोलले नाही.

११ ऑक्टोबर

दैनिकाला फोन. "मॅडम, पत्र झकास आहे!" छापू नका म्हटलं. "अहो, पान लागलं. उद्या येतेच."

गफ्फारभाईंना आधीच सांगून टाकावं. चप्पल घातली. काढली. पुन्हा घातली. अन्नपूर्णा म्हणाली, "बाई, चप्पल चावते काय?"

१२ ऑक्टोबर, रविवार

छापलं. चौकटीत!

माफी पाठ करून नऊला गोलबाजारात पोचले, तर दुकानापुढे ही गर्दी. ऑटोत मशीन, सायकलवर मशीन. झेरॉक्सवाला मुखरू ओरडला, "ताई, तुमचं वाचलं! आमचंई दसऱ्यापासून अस्संच! अन्नपूर्णा म्हणे, तुमची निशातनं सुरू केली!" स्टुलावर निशात, हातात सेफ्टी पिन. बशीत लाल तांदूळ. वहीत नवी मशीन घेणाऱ्यांची तीन नावं.

मी तोंड उघडलं. गफ्फारभाईंनी चहा पुढे केला. "आज तरी घ्या. अन् ताई, लक्ष्मीपूजन येऊन राह्यलं — एक पत्र अजून लिहता काय?"