नदीकाठ थेक्लचा

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, जेनव्हिएव्ह ग्रावेल, कै. प्रिस्क क्लूतिए यांची विधवा, वय वर्षे बासष्ट, राहणार शातो-रिशे, क्वेबेक प्रांत, पाय सुजल्यामुळे खाटेला खिळलेली पण डोके जागेवर असलेली, हे मृत्युपत्र नोटरी बोनो यांना सांगून लिहवून घेत आहे. मला लिहिता येत नाही. बोलता येते, हे सारा गाव जाणतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला माझा मुलगा इन्यास आला होता. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

आत्मा देवाचा. देह गावच्या दफनभूमीत ठेवावा. नवऱ्याशेजारी ठेवा असे म्हटले असते, पण प्रिस्कला कुठे पुरले ते मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

हे का लिहिते ते कळावे म्हणून थोडे मागचे. सन १७५९च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी आमचा सगळा किनारा जाळला. मी इन्यास, मुलगी थेक्ल आणि एका गाईला घेऊन रानात होते. पुढच्या महिन्यात क्वेबेक शहराच्या तटाबाहेर माळावर लढाई झाली. आमच्या फ्रान्सच्या राजाच्या पांढऱ्या अंगरख्यांतल्या शिपायांची फळी पाव तासात मोडली. शेतातल्या कपड्यांनिशी गेलेले आमचे लोक मात्र झुडपांत दबा धरून, पाठलागावर आलेल्या, इंग्रजांच्या फौजेतल्या स्कॉट घागरेवाल्यांना अडवत राहिले, म्हणून बाकीच्यांना पूल ओलांडता आला. प्रिस्क त्या झुडपांतच राहिला. लढाई राजा हरला, प्रिस्क नाही. हे मी पाद्रीबाबांनाही तोंडावर सांगितले आहे.

त्या एका सकाळीत देश गेला. चार वर्षांनी पॅरिसात तहावर सह्या झाल्या, आणि आम्ही गुरांसारखे दावणीसकट दुसऱ्याचे झालो. इंग्रजांनी आपला कायदा आणला, कॅथलिकांना सरकारी जागा बंद केल्या. मग दक्षिणेकडच्या त्यांच्याच वसाहती बंडाला उठू लागल्या, तेव्हा आम्हाला चुचकारायला आमचा जुना कायदा परत दिला. त्याला एक शेपूट मात्र जोडले: ज्याची जमीन त्याने ती मृत्युपत्राने हवी त्याला द्यावी. आमच्यात जमीन मुलगा-मुलगी सारखीच वाटून घेतात. हे शेपूट आम्ही मागितले नव्हते.

ते माझ्या घरात आणले इन्यासने. तो शहरात एका इंग्रज धान्यव्यापाऱ्याकडे कामाला आहे. कापणीच्या दिवसांत तो चुलीशी येऊन बसला.

"आई, आता वाटण्यांची सक्ती नाही. सगळं एकाच्याच नावावर करता येतं. इंग्रजांकडे थोरल्यालाच देतात."

"तू इंग्रज कधी झालास रे?"

"तसं नव्हे गं. दोन पट्ट्या केल्या तर बैलजोडी आडवी उभी राहायची नाही."

"आणि एकच ठेवली तर काय करशील?"

तो बुटांकडे बघू लागला. "आमच्या मालकांना काठ हवाय. धक्का बांधायचाय. भाव चांगला देतायत."

"काठावर आपले वाम मासे धरायचे, काटक्यांनी विणलेले कूड आहेत."

"वाम कोण खातंय आता!"

"तूच. ते खाऊनच एवढा घोडा झालास."

तो रागावून गेला. जाताना म्हणाला, "बघ बाई, विचार कर." मी विचार केला.

आता जावयाविषयी. थेक्लने ह्यू मॅकनॅब केला. तो त्याच घागरेवाल्यांतला, फलटण मोडल्यावर इथेच राहिलेला. लग्नाला मी गेले नाही. त्या शरदात मात्र तो न सांगता ओहोटीच्या चिखलात उतरला आणि बर्फासारख्या पाण्यात माझे कूड विणत राहिला. शेवटी मीच त्याला आत बोलावले.

"त्या दिवशी झुडपांवर बंदूक रोखली होतीस?"

"रोखली होती, आई."

"प्रिस्कला तू मारलंस?"

"ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तुमच्या दारात आलो नसतो." मग म्हणाला, "तिकडे स्कॉटलंडात आमचं गावही ह्या इंग्रजांनीच जाळलं. मी एवढासा होतो."

"आणि मोठा होऊन त्यांचाच अंगरखा घातलास?"

"भुकेल्याला अंगरख्याचा रंग दिसत नाही, आई."

मी त्याला माफ केले असे इथे लिहू नये. त्याच्या ताटात वाढते, एवढे लिहावे.

तेव्हा आता निकाल. माझ्या वडिलांकडून आलेली जमीन, नदीपासून रानापर्यंतची सगळी पट्टी, घर, गोठा, पावाची भट्टी आणि कूड हे सर्व माझी मुलगी थेक्ल हिला एकटीला. ह्यूच्या नावे वीतभरही नाही. बायको ठेवील तसे राहावे. काठ तिने कोणालाही विकू नये, गहाण ठेवू नये, बक्षीस देऊ नये. जळल्या घराच्या राखेतून मी उकरून काढलेली, चुलीवर भांडे टांगायची लोखंडी आकडीही तिलाच.

इन्यासला चर्चमधला आमचा बाक. विधवेमागे त्यावर मुलांचा पहिला हक्क असतो, तो त्याचा. दर रविवारी पुढे बसावे, म्हणजे पाठीवर सगळ्या गावाचे डोळे कसे लागतात ते कळेल. शिवाय शरदात ओहोटीला चिखलात उतरला, तर वामांचा अर्धा वाटा त्याचा. थेक्लने नाही म्हणू नये. माझे पोर आहे ते, उपाशी राहू नये.

हे मृत्युपत्र, आमच्याकडे सगळ्याच गोष्टी पुकारतात तसे, रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर मोठ्याने वाचावे. आमच्या भाषेत.

इन्यास म्हणेल, आईने इंग्रजांच्या कायद्याने मला बुडवले. खरे आहे. त्यांनी इतके नेले, त्या बदल्यात एवढे एकच हत्यार माझ्या हाती आले, आणि ते घरात तूच आणलेस, बाळा. मी ते त्यांच्याच धक्क्यावर चालवले.

नोटरीसाहेबांनी सर्व दोनदा वाचून दाखवले. मग विचारले, "जेनव्हिएव्हबाई, राजे जॉर्ज यांच्या कारकिर्दीचं वर्ष घालू ना?"

"नाही घातलं तर कागद खोटा ठरतो?"

"ठरत नाही. पण हल्ली घालतात."

"मग माझ्या घरातलं वर्ष घाला."

निशाणी: जेनव्हिएव्ह ग्रावेल, फुलीने.
साक्षीदार: बाझिल कोशों, शेतकरी; नोएल सिमार, लोहार.
लिहिणार: बोनो, नोटरी.
ठिकाण: शातो-रिशे, मृत्युपत्र करणारीच्या राहत्या घरी.
दिनांक: ११ नोव्हेंबर १७७७, प्रिस्क क्लूतिए घरी न आल्याचे एकोणिसावे वर्ष.